खोडव्याचे डोळे

मी उसाचे डोळे काढायचं यंत्र बोलतोय. कौतुक करून घ्यायला नव्हे, कबुली द्यायला. इतर यंत्रं आपापली फुशारकी मारत असतील, मारोत. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

शहरातल्या वाचकाला आधी थोडं समजावून सांगतो. उसाच्या प्रत्येक पेरावर एक बारीक कोंब झोपलेला असतो, त्याला डोळा म्हणतात. ऊस माझ्या खाचेत ठेवायचा आणि दांडा खाली दाबायचा. माझं अर्धगोल पातं खट्कन उतरतं आणि डोळा तेवढा सुटून पाटीत पडतो. तो प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या भुशात लावला की महिनाभरात त्याचं रोप होतं. शेतकरी ते रोप नेऊन वावरात लावतो. पूर्वी लोक उसाच्या कांड्याच पुरायचे. आता भवानीनगरच्या बाजूला दर चार शेतांआड एक रोपवाटिका दिसते.

माझा जन्म बारामतीचा. एमआयडीसीच्या मागं दादासोंची वेल्डिंगची शेड आहे, तिथला. भंगारात निघालेल्या एका ट्रेलरचा पाटा कापून दादासोंनी माझं पातं घडवलं. मला न्यायला विजयमाला आली, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर मला दहा वेळा दाबून दाखवलं आणि म्हणाले, "ताई, एक ध्यानात ठिवा. हे पातं आजारी उसातनं निघून चांगल्या उसात गेलं, तर आजार संगं घिऊन जाईल. शेजारी औषधाच्या पाण्याची बादली ठिवा. दर मोळीला बुडवा. ह्याला अक्कल न्हाय, ती तुमी वापरायची."

मला राग आला होता. आज वाटतं, दादासो माझ्याविषयी बोलतच नव्हते.

विजयमालेचं घर भवानीनगरपासून थोडं आत, फाट्याच्या कडेला. नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर पाळीनं कामाला. सासू प्रयागबाई सत्तरीची, पण तिची जीभ माझ्या पात्यापेक्षा धारदार. विजयमालेनं पहिल्या वर्षी ओसरीतच वीस ट्रे लावले. दुसऱ्या वर्षी घरामागं हिरव्या जाळीची शेड उभी केली. तिसऱ्या वर्षी निमगाव केतकीच्या बाजारात लोक एकमेकांना सांगू लागले, "रोपं घ्यायची तर विजयमालाताईची घ्या. एक मरायचं न्हाय."

ते खरं होतं. ती बेण्यासाठी, म्हणजे ज्याचे डोळे काढायचे त्या उसासाठी, वेगळं वावर राखायची. नऊ-दहा महिन्यांचा कोवळा, रसरशीत ऊस. तसल्या उसातून माझं पातं लोण्यातून जावं तसं जायचं. माझा दांडा दाबायची ती नकोशी, हे तिचं नावच. शेजारच्या वस्तीवरची बाई, पन्नाशीला आलेली, बोलायला कमी. पहिल्या दिवसापासून तीच माझ्यावर बसली. दर मोळी संपली की ती मला बादलीत बुडवायची, पदराला पुसायची आणि पुढची मोळी ओढायची. त्या वर्षांत मला वाटायचं, मी चांगला आहे. खरं तर तेव्हा मला चांगली माणसं मिळाली होती, एवढंच.

मग तो जुलै आला.

आडसाली, म्हणजे दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसाच्या लागणीचा हंगाम. कालव्याला पाणी भरपूर, आणि ज्याला त्याला रोपं हवीत. विजयमालेच्या बेण्याच्या वावरात जेवढा ऊस होता त्याच्या दीडपट रोपं तिनं कबूल करून ठेवली होती. का? हावरट होती म्हणून? नाही. हावरट असती तर मला सोपं गेलं असतं, हावेला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. तिला फक्त 'नाही' म्हणता येत नव्हतं. नणंदेच्या दिराला नाही कसं म्हणायचं? भावाच्या साडूला? जावेच्या माहेरच्यांना? आमच्याकडं पाव्हण्याला नकार देणं म्हणजे त्याला दारातून उठवणं. ती प्रत्येकाला म्हणायची, "घिऊन जावा की, तुमच्यासाठी काय कमी हाय व्हय?"

अन् कमीच होतं.

एका सकाळी ट्रॅक्टरमधून वेगळ्याच मोळ्या उतरल्या. नकोशीनं पहिला ऊस माझ्या खाचेत ठेवला. दांडा दाबला. पातं अडखळलं. ऊस बारीक, लाकडासारखा, आणि कापल्या जागी आतून लालसर. मला त्याच क्षणी कळलं. नकोशीलाही कळलं. ती उठून शेडच्या दाराशी गेली.

"ताई, ह्यो खोडवा हाय."

खोडवा म्हणजे पहिला ऊस तोडून नेल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. कारखान्याला तो चालतो. बेण्याला चालत नाही, कारण जुन्या बुडख्यातले आजार त्यात मुरलेले असतात. ही गोष्ट त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते.

"मग?" विजयमाला ट्रे मोजत होती.

"डोळा बसका हाय. आतनं लाल हाय."

"सगळाच कुठं हाय? चांगल्यात थोडा मिसळायचा. नकोशी, लग्नात शेवटच्या पंगतीला आमटी कमी पडली तर काय करत्यात?"

"पाणी वाढवत्यात."

"मग? मेलंय का कोण आजवर?"

नकोशी दारातून हलली नाही. म्हणाली, "आमटी रातीत जिरती ताई. ऊस वरीसभर वावरात उभा ऱ्हातो."

विजयमालेनं ते ऐकलं. मी साक्षीला आहे, तिनं ऐकलं. पण बाहेर दोन पिकअप उभे होते आणि पाव्हणे चहा पीत होते. ती म्हणाली, "तू काप गं, लई शानपना नगं." नकोशी परत येऊन बसली आणि कापू लागली.

घाई इतकी की बादलीतलं औषधाचं पाणी संपल्यावर ती पुन्हा कुणी भरली नाही. खोडव्याच्या लाल उसातून निघून मी तसाच चांगल्या उसात उतरत होतो. खट्, खट्, खट्. दिवसाला हजारो वेळा. मी अडकून बसू शकलो असतो. माझा दांडा याआधी दोनदा निखळला होता, तिसऱ्यांदा निखळला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण नाही. त्या आठवड्यात मी इतका छान चाललो की विजयमाला म्हणाली, "यंत्र कसं गुणाचं हाय बघ!" मी फुगलो. त्या फुगण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

रोपं तयार झाली. वाटपातही पंगतीचाच न्याय. पहिल्या पंगतीला सगेसोयरे. जी रोपं ठणठणीत दिसत होती ती त्यांच्या गाड्यांत गेली. जी फिक्की, पिचकी, ट्रेच्या कडेला उरलेली, ती शेवटच्या पंगतीला.

शेवटच्या पंगतीला आबाजी होते.

बारामतीच्या त्या टोकाला कऱ्हाटी आहे, तिथून ते आले होते. साठीतले, डोक्याला पटका. आजा-पणज्यापासून मेंढरं राखणारं घर. आबाजींनी कळप कमी करत करत वावर नीट केलं होतं, विहिरीला पाणी लागलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा ते एक एकर ऊस लावणार होते. सोबत बायको सारजा होती. ती प्रत्येक ट्रेजवळ बसून रोप निरखत होती.

"ताई, ही जरा पिवळी दिसत्यात न्हवं?" सारजा म्हणाली.

"जाळीखालची हायेत ना, ऊन लागलं की हिरवी हुत्यात," विजयमाला म्हणाली.

आबाजी बायकोवरच खेकसले, "अगं त्या जन्माच्या उसवाल्या. त्यास्नी तू शिकवतीस व्हय?"

रोपं भरली, पिकअप गेला. त्या दिवशी विजयमाला म्हणाली, "एक माणूस रिकामा गेला न्हाय यंदा." नकोशी मला पुसत होती. ती पुसतच राहिली.

दिवाळी झाली आणि आबाजी परत आले. यावेळी एकटे, एसटीनं. हातात पोतं. त्यांनी ते ओसरीवर उलटं केलं. आतून जे पडलं त्याला ऊस म्हणायला धीर होत नव्हता. एका बुडाला पन्नास-साठ काड्या, दोऱ्यासारख्या बारीक, पांढुरक्या पिवळ्या. गवताचं झुबकं. शेतकी खात्याची माणसं याला गवताळ वाढ म्हणतात. तो रोग बेण्यातून येतो, कोयत्यातून येतो, माझ्यासारख्या न धुतलेल्या पात्यातून येतो.

आबाजी भांडायला आले नव्हते. हे मी ठासून सांगतो, कारण तक्रार घेऊन येणारा माणूस म्हणजे भांडखोर असा दुकानदारांचा एक सोयीचा समज असतो. ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "ताई, माजं काय चुकलं तेवडं सांगा. पानी जास्त झालं का खत कमी पडलं?"

मी शेडच्या दारात होतो. मला सगळं दिसत होतं. विजयमालेनं झुबका उचलला, उलटापालटा केला. तिचा चेहरा पडला. तिला कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'आबा, चूक माझी.' तीन शब्द.

ती म्हणाली, "पाणीच जास्त झालं असंल. आणि आबा, खरं सांगू का? तुमच्याकडची जमीन उसाची न्हाय. उसाला हात लागतो. पिढ्यान्‌पिढ्याचं काम हाय ते."

खोडवा मिसळणं ही चूक होती. बादली न भरणं ही चूक होती. धंदा करताना चुका होतात, नव्या माणसाच्या तर होतातच. पण हे चुकीत बसत नाही. आपल्या हातून बिघडलेलं काम तिनं समोरच्याच्या जमिनीत आणि त्याच्या जन्मात नेऊन पुरलं. आणि समोरचा? त्यानं मान डोलावली. "आसंल. तुमी म्हणताय म्हंजी आसंल." त्यांनी त्या काड्या एकेक करून पोत्यात परत भरल्या. ओसरी खराब नको व्हायला म्हणून खाली पडलेली मातीसुद्धा हातानं गोळा केली.

मी तेव्हाही गप्पच होतो. मला तोंड नाही ही सबब मी स्वतःला किती वेळा दिली असेल!

पुढं जे झालं ते न्यायानं झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही नाही. साधी गोष्ट झाली. विजयमालेनं सप्टेंबरात स्वतःचं बेण्याचं नवं वावर लावलं होतं, निवडक डोळ्यांचं, पण माझ्याच पात्यानं काढलेल्या. पौषात एका सकाळी प्रयागबाई कुंपणाकडून आली, हातात पिवळ्या काड्यांचा झुबका. तो सुनेच्या पुढ्यात टाकला.

"ह्ये बघ. आपल्या वावरात पंधरा ठिकानी हाय."

विजयमालेनं झुबका हातात घेतला.

"काळीभोर जमीन. कालव्याचं पानी. माज्या सासऱ्यानं ऊस लावला, त्याच्या बापानं लावला. आता ह्या जमिनीला काय नाव ठेवतीस?" प्रयागबाई थांबली नाही. "दिवाळीला त्यो कऱ्हाटीचा मानूस आलता, तवा मी आत भाकरी थापत हुते. समदं ऐकलं म्या. म्हातारा मानूस माती गोळा करून घिऊन गेला. आगं, मानसाच्या ताटात घान वाढायची आन् वर त्याच्या तोंडाला चव न्हाय म्हनायचं?"

विजयमाला रडली. पण रडण्यानं काही धुतलं जात नाही, हे तिलाही कळत असावं, कारण तिनं लवकरच डोळे पुसले. झुबके मुळासकट उपटून जाळले. शेड बंद केली. मला पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. आठ दिवस ती नुसती घरात फिरत होती. आबाजींकडं जायचं कबूल, पण पाय निघत नव्हता. "फोन करू का?" एकदा नकोशीला म्हणाली.

"जमिनीला तोंडावर नाव ठिवलं ताई. फोनवर कसं माघारी घ्याल?"

मग दोघी निघाल्या. नकोशी मला मांडीवर घेऊन बसली. विजयमालेनं विचारलं, "हे कशाला?"

"नुसतं तोंडानं सांगितल्यालं कुनाला पटंल? दावायला नगं?"

कऱ्हाटीला आबाजींच्या अंगणात पोचलो तेव्हा बाजेवर एक माणूस पान चघळत बसला होता. शेजारच्या वावराचा मालक महिपती. बोलणं आधीच रंगात आलं होतं.

"आबा, हट्ट सोडा. वावर मला खंडानं द्या, वर्साला ठरल्यालं पैसं देतो. मी ऊस काढून दावतो. मेंढरं राखनाऱ्यानं ऊस लावला, आन् देवानं बरूबर गवत दिलं. देवाला बी ठावं हाय कुनाला काय लागतंय!" तो स्वतःच हसला.

आबाजी खाली बसले होते, स्वतःच्याच अंगणात. बोटानं जमिनीवर रेघोट्या ओढत. सारजा दारात उभी होती. ती म्हणाली, "गेल्या वर्सापतुर ह्ये पारावर जायाचं. आता जात न्हाईत. लोक मेंढरावानी बे बे करत्यात." कुणाला सांगत होती कोण जाणे.

विजयमालेनं चप्पल बाहेर काढली. बाजेकडं गेली नाही. आबाजींसमोर जमिनीवरच बसली.

"आबा, तुमची जमीन चांगली हाय. माझी रोपं वाईट हुती."

महिपती पान चघळायचा थांबला. विजयमाला बोलत राहिली. खोडवा, लाल ऊस, रिकामी बादली, पंगत. काहीच गाळलं नाही. नकोशीनं पोतं सोडून मला मधे ठेवलं आणि म्हणाली, "ह्या पात्यानं. मी कापलं."

महिपतीनं सावरून घेतलं. "बरं झालं सांगितलं बाई. पर आता काय उपेग? वरीस तर गेलं."

आबाजींनी मान वर केली. महिपतीकडं नाही, विजयमालेकडं बघितलं.

"दिवाळीला मी आलतो, तवा तुमाला म्हाईत हुतं?"

मला वाटलं, आता ती 'नाही' म्हणेल. किती सोपं होतं! नंतर कळलं, आत्ताच कळलं, म्हणून धावत आले. माफीही मिळाली असती आणि चांगुलपणाही. जन्मभर जिला 'नाही' म्हणता आलं नाही, तिला नेमक्या त्या क्षणी ते म्हणण्याची पूर्ण मोकळीक होती.

"व्हय," ती म्हणाली. "म्हाईत हुतं."

 मग सारजा पायरी उतरून खाली आली.

"दोन म्हैनं ह्यो मानूस भाकरीला शिवत नव्हता. माज्या हाताला ऊसच न्हाय म्हनायचा. माजा जल्मच तसला म्हनायचा. तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग आता रडू नगा हितं. हितं आमी रडायचं हाय."

विजयमालेनं पदरानं डोळे पुसले. मी जमिनीवर पडलो होतो, त्या दोघींच्या मधोमध, आणि ऊन थेट माझ्या पात्यावर येत होतं. मला कुणीतरी परत पोत्यात गुंडाळावं असं वाटत होतं.

आबाजी उठले. उठायला वेळ लागला. बाजेजवळ जाऊन म्हणाले, "महिपतराव, उठा. वावर द्यायचं न्हाय."

"आवो आबा, पर—"

"जमीन चांगली हाय म्हनं. आयकलं न्हवं?"

महिपती पिंक टाकून गेला. सारजेनं मला उचललं, पातं बोटानं चाचपलं. विजयमाला म्हणाली, "पुढच्या लागणीची सगळी रोपं मी देते मावशी. माझ्या हातानं."

"तुमच्या हातची रोपं नगंत," सारजा म्हणाली. "ह्ये यंत्र हितं ऱ्हाऊ द्या. आन् ही बाई चार दीस धाडा, मला शिकवायला. बेनं मी सोता बघून आननार."

नकोशी हसली. त्या जुलैपासून पहिल्यांदा.

म्हणून आता मी कऱ्हाटीत आहे, आबाजींच्या अंगणात, लिंबाखालच्या एका फळीवर खिळ्यांनी ठोकलेला. बेण्यासाठी सारजा तीन गावं फिरली आणि चौथ्या गावातून ऊस आणला. माझ्यावर तिचा विश्वास नाही. मधेच थांबून ती कापलेला डोळा उजेडात धरते, हुंगते, काही डोळे सरळ फेकून देते. तिनं विश्वास ठेवू नये, हेच बरं. भवानीनगरची खबर नकोशी आणते. ज्यांना ज्यांना रोपं दिली होती त्या सगळ्यांच्या दारी विजयमाला जाऊन आली. दोन सोयरे बोलेनासे झाले. यंदा शेड चालू आहे, पण बेणं आहे तेवढीच रोपं. पुढच्याला ती सरळ म्हणते, "शिल्लक न्हाईत." म्हणताना अजून तिचा चेहरा कसनुसा होतो, असं नकोशी सांगते.

तुम्ही रोपं विकत असाल, लोणचं विकत असाल, कपडे शिवून देत असाल, काहीही करत असाल, तुमच्याकडून चूक होणार. मी तुम्हाला चुका करू नका असा उपदेश करत नाही, माझी ती लायकी नाही. एवढंच सांगतो. ज्याच्या वाट्याला तुमची चूक गेली, तो बऱ्याचदा तुम्हाला दोष देत बसलेला नसतो. तो स्वतःला खात बसलेला असतो. तुमच्याकडं येतो तेव्हा 'माझं काय चुकलं' असं विचारत येतो. त्याला उत्तर द्या. खरं उत्तर द्या, त्याच पायरीवर, त्याच दिवशी. आम्ही दोन महिने उशीर केला. ते दोन महिने आबाजींना कुणी परत देऊ शकत नाही.

ट्रे लावून आज आठवा दिवस. सकाळी आबाजींनी वरचं प्लास्टिक उचललं, वाकून पाहिलं, पुन्हा झाकलं. अजून वर काही आलेलं नाही.

थोड्या वेळानं रस्त्यानं महिपती चालला होता. त्यानं कुंपणावरून हाक मारली, "काय आबा, उगवलं का न्हाय?"

आबाजी पटका बांधून पाराकडं निघाले होते. चालता चालताच त्यांनी उत्तर दिलं, "उगवंल न्हायतर न्हाय उगवनार. वावर माजं हाय."

आणि ते त्याच्या पुढून निघून गेले.